न मोजलेली मूठ

आपल्या हिंगणसावळीत विजेची गिरणी यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते मला विचारू नका. माझ्या आजेसासूनं तिच्या आजेसासूकडून ऐकलेली आहे, एवढं धरा आणि गप बसा. मधे मधे फाटे फोडलेत तर मी सांगायची थांबेन. मला काय, माझ्या शेंगा सोलायच्या राहिल्यायत.

तेव्हा घराघरात जातं होतं. पहाटे बाया जात्याशी बसायच्या आणि सगळ्या गावातून घरघर उठायची. दळता दळता ओव्या म्हणायच्या. सासूचं गाऱ्हाणं, माहेरची आठवण, नवऱ्याच्या खोड्या, जे जे दिवसा बोलायची सोय नव्हती ते सगळं जात्याला सांगायच्या. जातं कुणाकडं चुगली करत नाही ना!

गढीवर तेव्हा शिदोजीराव होता, गावाचा धनी. दिसायला देखणा, बोलायला गोड आणि आतून महाबिलंदर. त्यानं गढीच्या अंगणात एक घरट बसवलं. घरट म्हणजे बैलानं फिरवायचं मोठ्ठं जातं. म्हणाला, दळण इथं आणा, पायलीमागं एक ओंजळ पीठ गढीला द्या. कोण जातंय? घरचं जातं असताना त्याला ओंजळ कशाला द्यायची? महिनाभर घरट नुसतं उभं, आणि बैल फुकटचा कडबा खातोय. मग शिदोजीरावाचं डोकं फिरलं. त्यानं दवंडी पिटवली की आजपासून गावात जातं फिरणार नाही. त्याची माणसं घरोघर शिरली आणि प्रत्येक जात्याचा वरचा दगड उचलून घेऊन गेली. वरचा दगड नेला की खालचा काय कामाचा? सात विसा दगड, म्हणजे एकशे चाळीस, गढीच्या अंगणात रचून ठेवले. दुसऱ्या दिवशी गावात कोंबडे आरवले नाहीत, असं म्हणतात. पहाट झाली हे त्यांना कळलंच नाही.

एक जातं तेवढं वाचलं होतं, राही म्हातारीचं. तिनं ते कडब्याच्या गंजीत लपवलं. पहाटे बाहेर काढायची, खाली गोधडी, वरून गोधडी, आवाज म्हणून बाहेर जायचा नाही अशी सगळी तजवीज. पण दळायला बसली की तोंडातून ओवी निघायची! आता काय म्हणावं या बाईला? साठ वर्षं ओवीबरोबर दळलेली ती, ओवीशिवाय तिचा हातच चालेना. तीन दिवस दबक्या आवाजात म्हणाली. चौथ्या दिवशी रंगात आली आणि खणखणीत आवाज लावला. गढीचा माणूस दाराशीच उभा होता. हसू नका, तुम्हीही तेच केलं असतंत.

दसरा झाला की दरवर्षी गावात अनसा यायची. टाकीवाली. दळून दळून जातं गुळगुळीत होतं, पीठ जाडं पडायला लागतं, तेव्हा छिन्नी-हातोडीनं दगडाला बारीक बारीक खाचा माराव्या लागतात. त्याला टाकी लावणं म्हणतात. अनसाचं ते काम. तिला ना घर ना शेत. कमरेला छिन्नी, हातात हातोडी, आणि एक डोळा गेलेला. एकदा टाकी मारताना कुणीतरी हाक मारली, हिनं लक्ष काढलं, घाव वाकडा बसला आणि कपची उडून डोळ्यात गेली. तेव्हापासून अनसा दगडावर बसली की मागं आग लागली तरी मान वर करत नसे. बाया एकमेकींना सांगायच्या, “हिची टाकी लागली गं, आता हिला हाक मारू नका.”

त्या वर्षी अनसा गल्लीतून ओरडत आली, “टाकी लावाऽ, जात्याला टाकीऽ!” एकही दार उघडलं नाही. शेवटी राहीनं तिला घरात घेतलं, पाणी दिलं आणि रडत रडत सगळं सांगितलं.

“मग तुम्ही काय केलंत?” अनसानं विचारलं.

“काय करणार माये? धनी तो.”

“पाडवा येतोय की. डावाला बसवा त्याला.”

दिवाळीच्या पाडव्याला गढीच्या अंगणात डाव मांडायचा, हा गावचा जुना रिवाज. त्या दिवशी कुणीही यावं, कुठल्याही जातीचं, आणि धन्याला समोर बसवावं. धन्यानं नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की वर्षभर लक्ष्मी रुसते. डाव एकी-बेकीचा. दोघांना एकेक थैली, थैलीत एक्केचाळीस कवड्या. एकानं थैलीत हात घालून मूठ भरायची, दुसऱ्यानं सांगायचं, एकी की बेकी, म्हणजे विषम की सम. बरोबर सांगितलं तर मुठीतल्या कवड्या त्याच्या. चुकलं तर तेवढ्याच भरायच्या. मग दुसऱ्याची पाळी. ज्याची थैली रिकामी झाली तो हरला. पोरंसुद्धा खेळतात हा खेळ. पण शिदोजीराव त्यात कधी हरला नव्हता. बारा पाडवे झाले, एकदाही नाही.

“गेल्या साली गणू तेल्यानं बैल लावले,” राही म्हणाली. “गेले दोन्ही.”

अनसा उठली आणि थेट गणू तेल्याच्या घाण्यावर गेली. म्हणाली, “गणूदादा, खरं सांग. खेळताना तू कुठं बघत होतास?”

“कुठं म्हणजे? माझ्या बैलांकडं. धन्यानं समोरच बांधले होते.”

“आणि धनी कुठं बघत होता?”

गणूनं डोकं खाजवलं. “माझ्या तोंडाकडं.”

“असं होय,” अनसा म्हणाली आणि परत आली.

राहीनं तिचे पाय धरले. “तुला काय पडलंय गं? तू आज इथं, उद्या तिथं. जा निघून.”

“मावशी, माझं पोट याच दगडांवर आहे,” अनसा म्हणाली. “आणि मला राग आलाय. लई राग आलाय. तुझी ओवी पकडायला माणूस ठेवतो म्हणजे काय?”

पाडवा उजाडला. अंगणात सडा, रांगोळी, पताका. सगळं गाव भिंतीला लागून उभं. जाजमावर शिदोजीराव बसलेला, पांढरा अंगरखा, कानात भिकबाळी. शेजारी देवळाचा गुरव, डावाचा पंच म्हणून. अनसा आली आणि समोर उभी राहिली. लोक कुजबुजायला लागले. बाई आणि डावाला? पण रिवाजात बाईनं बसू नये असं कुठं म्हटलेलं नव्हतं. कुणी बसेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं, म्हणून म्हणायचं राहून गेलं.

“काय हवंय तुला?” शिदोजीराव हसत म्हणाला.

“गावचे दगड. सगळे.”

“आणि तुझ्याकडं लावायला आहे काय?”

“मी आहे की.”

शिदोजीरावानं तिला खालून वर न्याहाळलं. म्हणाला, “घरटाचा बैल म्हातारा झालाय. हरलीस तर त्याच्या जागी तू. मरेपर्यंत. कबूल?”

राही ओरडली, “नको गं बाई, नको!” अनसा म्हणाली, “कबूल.” गुरवानं दोघांच्या हातावर पाणी सोडलं. आता मागं फिरता येत नव्हतं.

अनसा बसली, पण बसली कशी? अशी तिरकी, की दगडांचा ढीग तिच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूला यावा. दिसायलाच नको! गणू तेली भिंतीपाशी उभा होता, त्याला ते बरोबर समजलं. पण शिदोजीरावालाही समजलं. तो काय दुधखुळा होता? त्यानं गड्याला हाक मारली, “अरे, बाईंचं जू आणा. बघू दे की मापात बसतंय का.” गड्यानं घरटाचं जू सोडून आणलं आणि अनसाच्या चांगल्या डोळ्यासमोर ठेवलं. बैलाची मान घासून घासून त्या जुवाला एका जागी खळगा पडला होता. अनसाची नजर त्या खळग्यावर गेली आणि तिथंच चिकटली.

मग काय व्हायचं तेच झालं. तिनं एकी म्हटलं, बेकी निघाली. तिनं मूठ धरली, शिदोजीरावानं तिच्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि बरोबर सांगितलं. अनसाची मान खाजायला लागली. ती मनात म्हणे, जुवाकडं बघायचं नाही, आणि तेवढ्यात परत बघे. मोजून मोजून मूठ भरे, तरीही हरे. चाळीसच्या तीस झाल्या, तीसच्या वीस. थैलीत सात कवड्या उरल्या. भिंतीशी बाया तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. शिदोजीरावानं पानाचा विडा तोंडात टाकला.

तेव्हा अनसाच्या ध्यानात आलं की आपले हात रिकामे आहेत. उभ्या जन्मात ती अशी रिकाम्या हातानं कधी बसलेली नव्हती. ती म्हणाली, “धनी, मला असं बसवत नाही. एक दगड द्या. खेळता खेळता काम करीन.”

शिदोजीराव खो खो हसला. “द्या रे तिला. शेवटचंच काम तिचं.”

गड्यानं ढिगातला वरचा दगड आणून दिला. तो नेमका राहीचा निघाला. अनसानं कमरेची छिन्नी काढली, मान खाली घातली आणि पहिला घाव घातला.

टक. टक. टक.

आता नीट ऐका. अनसानं नंतर राहीला सांगितलं आणि राहीनं गावाला, की काय झालं ते. आधी लोक दिसेनासे झाले. मग जू दिसेना. मग मानेची खाज गेली. मग हरलो तर काय, जिंकलो तर काय, हेही कुठंतरी गेलं. उरला एक दगड आणि त्यावरची पुढची खाच. आणि कान इतके उघडले की शिदोजीरावाच्या मुठीत कवडीवर कवडी घासली तर तिला ते छिन्नीच्या आवाजातूनही कळे. दगडावर जन्म काढलेली बाई ती. कपची कुठं उडणार हे घाव पडायच्या आधी ओळखणारी.

शिदोजीरावानं मूठ पुढं केली. अनसानं मान वर केली नाही. “बेकी,” म्हणाली. टक टक. मूठ उघडली, सहा.

तिची पाळी आली. तिनं हातोडी खाली ठेवली, थैलीत हात घातला, हाताला येतील तेवढ्या उचलल्या आणि मूठ पुढं केली. नजर दगडावर.

“माझ्याकडं बघ,” शिदोजीराव म्हणाला.

“डोळा कामात आहे धनी. एकच आहे.”

लोक हसले. शिदोजीरावाला तिचा चेहरा वाचता येईना. कपाळावर काही नाही, ओठांवर काही नाही. तो चिडून म्हणाला, “एकी!” मूठ उघडली, चार. पुढच्या पाळीलाही तसंच. तिसऱ्या पाळीला त्यानं विडा थुंकला आणि दरडावून विचारलं, “किती धरल्यास?”

“मला काय ठाऊक!” अनसा म्हणाली. “उघडल्यावर कळेल.”

शिदोजीरावाच्या तोंडचं पाणीच पळालं. बारा वर्षं तो लोकांच्या तोंडावरून मूठ ओळखत होता. जो मोजतो त्याला माहीत असतं, आणि माहीत असलेलं तोंडावर येतं. ही मोजतच नव्हती. तिचं तिलाच माहीत नाही, तर हा वाचणार काय, कपाळ?

“मोजून धर!” तो ओरडला.

गुरव बिचारा गरीब माणूस, गढीच्या धान्यावर जगणारा. पण त्या दिवशी त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, “मूठ मोजून धरावी असा नेम नाही, धनी.” देव त्याचं भलं करो.

मग शिदोजीरावानं हलगी आणवली, संबळ आणवला, शिंग फुंकवलं. हिच्या कानाशी वाजवा म्हणाला. वाजवणारे वाजवून वाजवून घामाघूम झाले. अनसाची टाकी एका तालात चाललेली. तिच्या छिन्नीतून ठिणग्या उडत होत्या आणि त्या जुवावर पडून जू काळं पडत होतं, असं म्हणतात. हलगीचं कातडं मधोमध फाटलं, असं म्हणतात. सूर्यसुद्धा पिंपळाच्या शेंड्यावर थांबून बघत राहिला म्हणे. मी नव्हते बघायला. पण सातच्या सत्तर झाल्या एवढं खरं, कारण शिदोजीरावाची थैली चपटी पडलेली सगळ्या गावानं पाहिली.

शेवटची मूठ शिदोजीरावाची. होत्या नव्हत्या तेवढ्या कवड्या त्यानं उचलल्या. पण लबाडाची जात! एक कवडी बोटांच्या बेचक्यात दाबली. अनसा एकी म्हणाली तर ती मुठीत सोडायची, बेकी म्हणाली तर खाली पाडायची.

अनसा टाकी मारत राहिली. मग म्हणाली, “मूठ एकी आहे. बेचक्यात दाबलीय ती धरून बेकी. कुठली खरी ते तुम्हीच सांगा, धनी.”

“हात पूर्ण उघडा,” गुरव म्हणाला. बोटं पसरली, बेचक्यातली कवडी जाजमावर पडली आणि गडगडत अनसाच्या गुडघ्याशी येऊन थांबली. लबाडी केली त्याचा डाव गेला, असा गुरवानं निवाडा दिला.

काय आरडाओरडा झाला! बायांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. गणू तेली लहान पोरासारखा नाचला. पण शिदोजीराव बिलंदर तो बिलंदरच. तो परत गोड हसला. “वा बाई! मानलं तुला. दगड तुझे. आता आणखी एक डाव खेळू. मी ही गढी लावतो. गढीखालची दोनशे बिघे जमीन लावतो. तू फक्त दगड लाव.”

आणि सगळं गाव पेटलं. “घे अनसा! घे! सोडू नको त्याला! आज तुझा हात चाललाय!” गणू ओरडत होता, राहीसुद्धा ओरडत होती.

अनसानं मान वर केली. दगड हाती घेतल्यापासून पहिल्यांदा. तिनं सगळ्यांकडं पाहिलं, जणू हे लोक आत्ताच इथं आले. मग छिन्नी कमरेला खोचली आणि उठून उभी राहिली.

“काय झालं?” शिदोजीराव म्हणाला. “भ्यालीस?”

“मला ऐकू आलं,” अनसा म्हणाली. “मघापासून लोकांचं काही ऐकू येत नव्हतं. आता ऐकू आलं. आता बसले तर हरेन, हे तुम्हाला माहीत आहे म्हणून तर बोलावताय. तुमची गढी तुम्हाला लखलाभ. बायांनो, दगड उचला.”

गावातल्या पुरुषांनी तिला तेव्हा शिव्या दिल्या, खोटं कशाला बोलू? दोनशे बिघे जमीन हातची घालवली म्हणाले. अजूनही कुणी कुणी म्हणतात. म्हणू देत. जू त्यांच्या मानेसमोर नव्हतं ठेवलेलं.

शिदोजीरावाला राग आवरेना. तो म्हणाला, “न्या. पण गाडी लावायची नाही, बैल लावायचा नाही, पुरुषानं हात लावायचा नाही. दिवस मावळताना आवारात राहील तो दगड माझा.” बायांनी पदर खोचले. कुणी डोक्यावर घेतला, कुणी कडेवर, पोटुशी बाईसुद्धा मागं राहिली नाही. दगड कमी होईनात आणि ऊन उतरायला लागलं. राही आपल्या दगडापाशी बसून त्याला हलवत होती, पण तो काही हलेना. तेव्हा अनसा वाकली आणि त्या दगडावर छिन्नीचा एक हलका घाव घातला. टक. आणि तो दगड आपला आपण कडेवर उभा राहिला, गढीच्या दारातून बाहेर पडला आणि उतारावरून घरंगळत थेट राहीच्या उंबऱ्यात जाऊन आडवा झाला. त्याच्या मागं दुसरा, त्याच्या मागं तिसरा. घरघर घरघर करत दगड गावभर निघाले आणि आपापलं घर ओळखून आत शिरले. असं म्हणतात. तुम्हाला पटत नसेल तर गढीच्या उतारावर जाऊन बघा, कातळात चर पडलेत. बैलगाडीची चाकं एवढी जवळ जवळ नसतात.

अनसा पुढं आठ दिवस राहिली. प्रत्येक दगडाला टाकी लावली आणि नेहमीचं तेच घेतलं, दगडामागं एक सूप जोंधळे. मग पुढच्या गावाला गेली. घरटाला परत कधी दळण आलं नाही. बायांनी मात्र एक ओवी बांधली, ती आमच्याकडं अजून म्हणतात:

जू मांडिलं गं पुढं, अनसा खाली पाही,
मुठीमध्ये किती, तिचं तिला ठावं नाही.

आजही पाडव्याला हिंगणसावळीत गिरणी बंद असते. गिरणीवाला स्वतः कुलूप लावतो आणि किल्ली बायांच्या हातात देतो. गढीच्या अंगणात बाया डाव मांडतात. खेळणारीसमोर एक जू ठेवतात. तिनं न मोजता मूठ भरायची, पुढं करायची आणि उघडेपर्यंत मान वर करायची नाही. बाकीच्या काय वाट्टेल ते ओरडतात. तुझी म्हैस सुटली, तुझं दूध उतू गेलं, तुझा भाऊ आलाय बघ दारात! जिनं मान वर केली तिला सगळ्या एका सुरात सांगतात, “ऐकू आलं, ऊठ.” आणि ती उठते. जी जिंकते तिच्या घरचं जातं त्या दिवशी गावात पहिलं फिरतं.

गढीत शिदोजीरावाचे वंशज अजून राहतात. दोन पाडव्यांमागं त्यांची नवी सून डावाला बसली. पहिलीच वेळ तिची. मूठ पुढं केली आणि तेवढ्यात वरून सासऱ्यानं हाक मारली, “सूनबाई!” खेळात नाही, खरोखरच. पाहुणे आले होते. आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली, जरा चढ्या आवाजात. पोरीचा हात हलला नाही, मान हलली नाही. तिसऱ्यांदा तो ओरडलाच. ती जुवासमोर तशीच, दगडासारखी. मग तो तरातरा पायऱ्या उतरून खाली आला, आता काही खरं नाही असं आम्हाला वाटलं. तिच्यासमोर येऊन उभा राहिला, त्या मुठीकडं बघितलं. मग चपला काढल्या आणि मूठ उघडायची वाट बघत तिथंच मातीत बसला.